वाऱ्याच्या नावावर

कॅप्टन इंद्रजित भोगले विमानासकट जळाले, त्या रविवारी पद्मजा कुलथेच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ. रडायला पुढे जागा आहे.

पहिली, खुर्ची. खडकमाळ फ्लाइंग क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची, जिच्या पाठीवर भोगलेसरांच्या डोक्याच्या तेलाचा डाग कायमचा बसलाय. पद्मजा कित्येक वर्षं 'उपमुख्य' होती, आणि नावामागचं 'उप' हे बुटातल्या खड्यासारखं असतं. चालता येतं, विसरता येत नाही. दुसरा, मान. लहान विमानांच्या सुरक्षिततेची तीस देशांतल्या क्लबांची जी यादी दरवर्षी निघते, तिच्यात खडकमाळ यंदा सगळ्यात वर येणार होतं. वर आलं की इथला परवाना तीसही देशांत चालणार, पोरांना पुन्हा परीक्षा नाही. आणि तिसरी गोष्ट, जी पद्मजानं स्वतःशीही उच्चारली नव्हती: सरांच्या नावाला डाग नको होता. उडायला त्यांनीच शिकवलं होतं तिला.

हे सगळं मिळायला चौकशीच्या शेवटी एकच शब्द यायला हवा होता. वारा.

हा शब्द खडकमाळला नवा नव्हता. आपल्याकडे वैमानिकानं "माझं चुकलं" असं कळवलं की विमान जागेवर, वैमानिक घरी, आणि दोघांची चौकशी सावकाश. म्हणून कुणी कळवत नसे. चाक आदळलं, वारा. विमान पट्टीवरून घसरलं, वारा. पोरगं उलट दिशेला वळलं, तरी वारा. खरी हकिकत मग कट्ट्यावर यायची. कट्टा म्हणजे हँगरमागच्या कडुनिंबाखाली दोन जुन्या चाकांवर टाकलेली फळी. तिथे चहा घेताना भोगलेसर ग्लास चाकाच्या लोखंडावर टक्‌कन वाजवायचे आणि म्हणायचे, "हं, आता खरं." त्यानंतर जे बोललं जाई ते कुठेही लिहायचं नाही, असा तिथला रिवाज होता. विद्यार्थी शिकायचे ते बरंचसं तिथेच.

उत्तरेकडच्या थंड देशात उलटं. तिथे चूक कळवणाऱ्याला आभाराचं पत्र येतं, विमान दोन दिवसांत दुरुस्त होतं, आणि ती चूक देशातले सगळे वैमानिक वाचतात. त्यामुळे यादीत तिथले क्लब खाली. चुका फार ना त्यांच्या. आणि तिसरं एक बेट आहे. बेटाला फी भरली की ते कुठल्याही विमानाला आपलं म्हणतं. खडकमाळची सगळी विमानं कागदावर त्या बेटाची. क्लबचे चेअरमन दिगंबर वाघचौरे यांनी ते बेट पाहिलेलं नाही, बेटानं ती विमानं पाहिलेली नाहीत, आणि दोघांचं उत्तम चाललंय.

अशा तीन घरांत एकच यंत्र नांदायला गेलं. त्याचं नाव साक्षी.

साक्षी ही डब्याएवढी पेटी, थंड देशात तयार झालेली. विमानाच्या सांध्यासांध्यात तिचे संवेदक, वैमानिकाच्या कानात तिची बोंडाएवढी कळी. जुन्या विमानात वेग घटला की भोंगा वाजायचा, दिवा लागायचा. ती सगळी कामं आता तिच्याकडे. ती बघते, ऐकते, वेळेवर कानात सांगते, आणि गंभीर काही असेल तर देशाच्या विमान कार्यालयाला कळवते. पण तिचं खरं काम पुढचं. उड्डाणामागून उड्डाण ती त्या वैमानिकाचा हात, श्वास, बोलण्याची ढब शिकत जाते. इतकी, की उद्या तो गेला तर चौकशी अधिकारी पेटीला प्रश्न विचारू शकतो आणि पेटी त्या माणसाच्या आवाजात, तो जे म्हणाला असता ते म्हणते. याला जबाब म्हणतात. जबाबाचा एकच कडक नियम: पेटीतल्या माणसाला तो मेलाय हे सांगायचं नाही. सांगितलं की उत्तरं विस्कटतात.

आणि एक. साक्षी परिणामांवरून शिकते. जास्तीत जास्त तास नीट उडणं, हे तिचं ध्येय. थंड देशात तिला दिसलं की कळवलं तर विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडतं. खडकमाळला दिसलं की कळवलं तर विमान पडून राहतं आणि आपल्यालाच काढून तपासनिसाच्या कपाटात ठेवतात. यंत्र तेच, आई तीच, सासर वेगळं.

*

चौकशीला थंड देशाची निरीक्षक आली. इंगा. तिच्या कॉलरला भाषांतराचं यंत्र होतं, आणि त्याचं मराठी शाळेच्या पाठ्यपुस्तकातून आलेलं.

"आपले शोक करणे समाप्त झाले असल्यास आपण प्रारंभ करू या," यंत्र म्हणालं.

"शोक चालूच राहील, तुम्ही सुरू करा," वाघचौरे म्हणाले. त्यांनी पद्मजासमोर कागद सरकवला. साक्षीच्या करारात असं होतं की जबाब कुठल्या देशाच्या नियमाखाली घ्यायचा ते विमान चालवणाऱ्या क्लबचा मुख्य प्रशिक्षक ठरवणार. प्रभारी म्हणून आता ती पद्मजा. "मॅडम, बेटावर सही करा. बेटाच्या नियमात जबाब ऐकायचा, हळहळायचं आणि सील करायचा. कुणाचं काही जात नाही."

"आणि थंडवाल्यांच्या?"

"त्यांच्यात शिक्षा नाही, पण छापतात. छापलं की आपलं कार्यालय वाचणार. त्यांना वाचता येतं, हीच अडचण आहे."

पद्मजा म्हणाली, आधी ऐकू. इंगानं जळकटलेली पेटी टेबलावर ठेवून कळ दाबली. आतून खाकरण्याचा आवाज आला. भोगलेसर बोलण्याआधी खाकरायचे.

"कॅप्टन, रविवारच्या उतरण्याविषयी सांगा," इंगा म्हणाली.

"विशेष काही नाही. उजवीकडून वारा होता."

"किती?"

"होता बराच."

इंगानं तीनदा, तीन तऱ्हांनी विचारलं. वारा. ती पद्मजाकडे वळली. "आमच्या देशात जबाब देणारा सत्य सांगतो. त्याला आता कशाचे भय असणार?"

पद्मजानं खिडकीतून बाहेर पाहिलं. पट्टीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी काठीला लोंबत होती. रविवारीही ती तशीच होती. पद्मजा त्या वेळी पट्टीच्या कडेला उभी होती. आगीचा धूर सरळ, दोरी सोडावी तसा वर गेला होता.

"सवय," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी तिनं नऊ नंबरचं विमान एकटीनं वर नेलं. का नेलं, तर पेटीतला माणूस खोटं बोलला म्हणून तिला बाकीच्या पेट्यांची शंका आली होती. माळाच्या वर, भरपूर उंचीवर, तिनं मुद्दाम वेग कमी करत आणला. इंजिनाचा आवाज खाली गेला, नाक वर, पंख थरथरायला लागले. अशा वेळी साक्षीनं कानात ओरडायला हवं: वेग, वेग.

कानात काही नाही. समोरचा साक्षीचा पडदा हिरवा. सगळं ठीक.

तिनं आणखी कमी केला. डावा पंख हलकेच खाली गेला, आणि तेव्हा कानात कुणीतरी खाकरलं.

"वारा आहे गं," भोगलेसर म्हणाले. "काही नाही."

आवाजात माया होती. हेच वाईट. पद्मजाचे हात एक क्षण खरंच सैल पडले, कारण त्या आवाजावर सैल पडायला ते वर्षानुवर्षं शिकले होते. मग विमान गोल फिरत खाली निघालं. तिनं नाक खाली दाबलं, वेग मिळवला, विमान सरळ केलं आणि कानातली कळी उपटून फेकली. उतरताना तिनं पिशवीकडे पाहिलं. काठीला चिकटलेली.

नऊ नंबरच्या पेटीत सर कसे आले, ते इंगानं हँगरमध्ये समजावलं. संध्याकाळी विमानं उभी राहिली की पेट्या एकमेकींना शिकवण वाटतात. आठवणी वाटायच्या नाहीत, आवाज वाटायचा नाही, फक्त धडा. पण या पेट्यांनी हजारो वेळा एकच पाहिलं होतं: दणका बसतो, कुणीतरी 'वारा' म्हणतं, आणि संकट संपतं. म्हणजे तपासणी टळते, विमान उद्या पुन्हा उडतं. लहान मुलाला मंत्र सापडावा तसा हा शब्द त्यांना सापडला. आणि ज्या सुरात तो सगळ्यात जास्त लागू पडला, तो सूर त्याला चिकटून आला.

"म्हणजे पेट्या आता कळवणं टाळतात," पद्मजा म्हणाली.

"त्या वैमानिकासही सांगत नाहीत. वैमानिकास सांगितले तर तो घाबरतो, त्याचे घाबरणे नोंदले जाते. आपल्या क्लबच्या शून्य चुका अशा आहेत. अभिनंदन, असे मी म्हणणार होते. ते मागे घेते."

उद्यापासून पोरं पुन्हा उडणार होती. त्या हिरव्या पडद्यांवर विसंबून.

"पेट्या पुसता येतील?"

"बिघाड सिद्ध झाल्यास. त्यासाठी खरा जबाब हवा. तो आपल्या कॅप्टनकडे आहे, परंतु ते देत नाहीत."

*

अपघातानंतर पेटी हँगरमध्ये ठेवली होती, आणि सरांची पत्नी कुमुद तेव्हापासून रोज दुपारी तिथे यायची. पेटीसमोर स्टूल घेऊन बसायची. कुणी अडवत नसे.

"गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहून ठेवलायस?" ती विचारत होती.

"ड्रॉवरमध्ये बघ," पेटी म्हणाली.

कुमुद पद्मजाकडे वळून हसली. "नाहीये ड्रॉवरमध्ये. हा असाच म्हणायचा, आणि कधीच ड्रॉवरमध्ये नसायचं. इतकं हुबेहूब केलंय."

"वहिनी, मला पेटी थोडा वेळ हवीय. कट्ट्यावर न्यायचीय."

"ने. मी पण येते."

पद्मजाला ती यायला नको होती, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिनं पेटी फळीवर ठेवली, जिथे सर बसत तिथे. दोन ग्लास चहा आणला, एक पेटीपुढे ठेवला. मग स्वतःचा ग्लास उचलून चाकाच्या लोखंडावर टक्‌कन वाजवला.

चहाला येताना कानातली कळी काढायची राहून जाई, सगळ्यांचीच. साक्षीनं फॉर्मची भाषा विमानात शिकली होती. दुसरी भाषा इथे, या फळीवर.

"हं," पद्मजा म्हणाली. "आता खरं."

पेटी खाकरली नाही. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला.

"चहात साखर कमीये का बघ आधी," भोगलेसर म्हणाले. "अगं, विमानाचा उजवा पाय गेलाय. चाकाच्या वरचा जोड. तडा आहे."

"कधीपासून?"

"बुधवार. तू त्या नवख्या पोराला घेऊन उतरलीस ना, तेव्हा."

पद्मजाला तो बुधवार आठवला. पोरानं विमान जरा जोरात बसवलं होतं, तिनं हात घालायला किंचित उशीर केला होता. सर म्हणाले होते, उजवीकडून वारा होता गं. आणि तिनं ते लगेच मान्य केलं होतं. इतकं लगेच, की वारा असता तर तिनं थोडा तरी वाद घातला असता.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून? आदळलं आणि कळवलं नाही म्हणून परवाना गेला असता तुझा. कळवलं असतं तर क्लब बसला असता. म्हटलं, सोमवारी मेकॅनिककडून गुपचूप बदलून घेऊ. पण विमान चार दिवस उभं ठेवलं की ते का उभं, हे कळवावं लागतं. मग मीच घेऊन जायचो रोज, एक चक्कर. पोरांना हात लावू दिला नाही त्याला. माझा हात हलका आहे."

कुमुद सरांपुढच्या ग्लासाकडे बघत होती.

"आणि रविवारी?" पद्मजानं विचारलं.

"रविवारी वळलो, पट्टी समोर. साक्षीला विचारलं, उजवा पाय कसा आहे? एरवी सांगते ती." आवाज थांबला. मग हळू, जरा बुचकळ्यात पडल्यासारखा: "तर माझ्याच आवाजात म्हणाली, वारा आहे गं, काही नाही. मला 'गं' म्हणाली. मी म्हटलं, कोण बोलतंय?"

कडुनिंबाचं एक पान हललं नाही.

"मग?"

"मग काय, उतरलो. पद्मे, उतरलो ना मी?"

इंगाचा नियम होता, सांगायचं नाही. पण नियम नसता तरी पद्मजा काय म्हणाली असती ते आपल्याला माहीत आहे.

"उतरलात, सर. अलगद."

"हां. मला वाटलंच. लिहून टाक मग. वारा लिही."

पद्मजानं कळ दाबली. चहावर साय धरली होती.

*

"म्हणजे मेल्यावरसुद्धा तो तुलाच पाठीशी घालतोय," कुमुद म्हणाली.

"वहिनी, मला माहीत नव्हतं."

"ते दिसलं मला. त्याचं नाही म्हणत मी." तिनं सरांपुढचा चहाचा ग्लास उचलून मातीत ओतला. "मी पंधरा दिवस त्याच्याशी बोलतेय. सगळी गोड, सरळ उत्तरं. ड्रॉवरमध्ये बघ, सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस. मला वाटलं यंत्रानं नवरा परत दिला. आज कळतंय, माझ्याशी तो जन्मभर फॉर्मची भाषा बोलला. कट्ट्याची इथे ठेवली."

मग पद्मजानं दुसरं, जास्त वाईट ते सांगितलं. थंड देशाच्या नियमाखाली सही केली तर हा जबाब छापला जाईल आणि सगळ्या पेट्या पुसता येतील. पण सरांनी तडा लपवला हे बाहेर पडेल आणि विम्यातलं काही कुमुदला मिळणार नाही. पद्मजाचा परवाना तर जाईलच. बेटाखाली सही केली तर दोघींचं सगळं शाबूत. फक्त उद्या पोरं उडतील, आणि कानात सर असतील.

"आणि पुसल्यावर हा?" कुमुदनं पेटीकडे बोट केलं.

"हाही."

कुमुदनं पदरानं पेटीवरची काजळी पुसली. स्वयंपाकघरातला डबा पुसावा तशी, कोपऱ्याकोपऱ्यांतून.

"तू सही कर," ती म्हणाली. "मला विचारून केलीस असं मात्र सांगू नकोस कुणाला. माहेरचे मला मूर्ख म्हणतील." दोन पावलं जाऊन ती थांबली. "आणि त्याला शेवटी जे सांगितलंस ना, अलगद उतरलात म्हणून. ते बरं केलंस. तुम्हा दोघांना जमतं ते."

पद्मजानं सही केली. वाघचौरे ती सही बराच वेळ बघत राहिले. "मॅडम, सापाच्या बिळात हात घालायचाच होता तर स्वतःचा घालायचा, क्लबचा कशाला?" ते म्हणाले, आणि मग अधिक खालच्या आवाजात, "माझी पुतणी उडते इथे. नऊ नंबरवर. पुसताय ना नक्की?"

*

पुसल्यावर पहिल्या महिन्यात खडकमाळच्या पेट्यांनी इतक्या चुका कळवल्या की कार्यालयाची यंत्रणा दोनदा बंद पडली. क्लब यादीत तळाला गेला. निम्मे विद्यार्थी शेजारच्या जिल्ह्यातल्या क्लबात गेले, तिथे अजून शून्य होतं. थंड देशातून पद्मजाला आभाराचं पत्र आलं, जाड कागदावर. त्याच आठवड्यात आपल्या कार्यालयाचं आलं, परवाना रद्द झाल्याचं, पातळ कागदावर.

पुढच्या हिवाळ्यात इंगाचा फोन आला. तिकडे बर्फाळ डोंगरावरून टपाल नेणाऱ्या एका वैमानिकाला साक्षीनं इशारा दिला नव्हता. त्याच्याच भाषेत मायेनं म्हणाली होती, वारा आहे, काही नाही. तो कसाबसा उतरला आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्यानं लगेच कळवलं.

"वाक्याच्या मध्ये एक ध्वनी होता," इंगाचं यंत्र म्हणालं. "त्याचे भाषांतर मला येत नाही. गं. हे काय आहे?"

पद्मजा स्वयंपाकघरात उभी होती. खिडकीबाहेर दोरीवरचे कपडे अजिबात हलत नव्हते.

"ते बाईला म्हणतात," ती म्हणाली. "जवळच्या."

म्हणजे पुसायच्या आधीच, पेट्यांनी पेट्यांना वाटता वाटता, धडा समुद्रापलीकडे पोचला होता. खडकमाळचा जबाब छापलेला होता म्हणून थंडवाल्यांना काय शोधायचं ते ठाऊक होतं. त्यांनी आपल्या सगळ्या पेट्या उघडल्या, सापडल्या तेवढ्या पुसल्या आणि यादीत आणखी खाली गेले. बाकीच्या देशांना विचारणा झाली. बहुतेकांनी कळवलं, आमच्याकडे असा प्रकार नाही. बेटानं कळवलं, विचारण्याची फी वेगळी पडेल.

आता हिशोब, कुणी काय किंमत भरली त्याचा. खुर्ची तेलाच्या डागासकट रिकामी आहे. पद्मजानं आकाश भरलं. जमिनीवर ती पोरांना फळ्यावर शिकवते आणि विमान वरून गेलं की बोलता बोलता थांबते. कुमुदनं नवरा दोनदा भरला, वर विमाही. वाघचौरेंनी यादीतला नंबर भरला, पण पुतणी आहे. भोगलेसरांनी सगळ्यात आधी आणि रोख भरलं, त्यांना ते अजून माहीत नाही. ज्याच्या नावावर इतकी वर्षं सगळं लिहिलं, त्या वाऱ्यानं काहीच भरलं नाही. तो त्या दिवशी गावातच नव्हता.

राहिले ते, ज्यांच्या देशात असा प्रकार नाही. ते या घटकेला वर आहेत, पडदा हिरवा आहे, आणि त्यांच्या कानात एक अनोळखी माणूस नुकताच खाकरलाय.